बाबांची दहा बोटं

माझे सासरे तुरुंगातून सुटून घरी आले तेव्हा माझी लेक जमना नुकती मान धरू लागली होती. त्यांनी तिला पहिल्यांदा घेतलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन्ही हात पुढे केले, पण मुठी मिटलेल्या. मनगटापासून कोपरापर्यंतच्या भागावर त्यांनी तिला ठेवून घेतलं, ओलं जाळं उचलून घ्यावं तसं. जमनानं त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघून ओठ काढला. बाबा हसले. मुठी मात्र उघडल्या नाहीत.

मला वाटलं, हातांना काही झालं असेल. आत दगड फोडायला लावतात असं ऐकलं होतं. पण तेच बाबा दुसऱ्या दिवशी फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसले आणि त्यांची बोटं अशी चालली, की मी भाकरी थापायची थांबून बघत राहिले. दुखणं हातात नव्हतंच. जाळ्याला बोटं लागत होती, जमनाला लागत नव्हती.

मी या घरात आले तेव्हा बाबा आत होते. माझं माहेर दातिवऱ्याचं. लग्न ठरवताना माझ्या बापानं चौकशी केली होती. माणूस वाईट नाय, हात वाईट पडला, एवढंच त्याला कळलं, आणि तेवढ्यावर त्यानं मला इथं, तारापूरच्या बाजूला दिली.

हात कसा पडला ते मी तुकड्यातुकड्यानं ऐकलं. आमच्याकडे डोलजाळी लावायला समुद्रात खुंट ठोकतात. ज्याचा खुंट, त्याची जागा. एका वर्षी वादळानं सगळे खुंट उपटून नेले. मग पुन्हा ठोकायला बाबांची होडी आणि आमच्याच आळीतल्या आनंदाची होडी एकाच सकाळी एकाच जागेवर पोचल्या. आधी शिव्या झाल्या, मग दोर ओढाओढी झाली. बाबांनी वल्हं उचलून मारलं. ते आनंदाच्या कानशिलावर बसलं आणि तो पाण्यात गेला. त्याला पाण्यातून वर काढला तोही बाबांनीच. किनाऱ्यावर आणून त्याची आई सोजराबाई हिच्यापुढे वाळूत ठेवला आणि पोलीस येईपर्यंत शेजारीच बसून राहिले. जीव घ्यायचा बेत नव्हता हे कोर्टालाही पटलं, म्हणून जन्मठेप झाली नाही. पण चांगली सात-आठ वर्षं गेली.

सोजराबाईचं घर आमच्यापासून तिसरं. बोंबील सुकवायच्या त्यांच्या बांबूच्या वलांडी आणि आमच्या वलांडी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. पलीकडे तिच्या बांगड्या वाजतात, अलीकडे आमच्या. मधून वारा जातो, बोलणं जात नाही.

बाबांच्या मुठीबद्दल सांगायचं तर आधी आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. होडी नवी असो की नव्यानं रंगवलेली, पाण्यात ढकलण्याआधी घरातला कर्ता पुरुष हळदीत हात बुडवून तिच्या तोंडाशी उघडा पंजा उठवतो. पंजा उठला की होडी त्याची आणि तो होडीचा. विकायची झाली तर त्यानं स्वतः खाऱ्या पाण्यानं तो पंजा धुवायचा, मग घेणाऱ्यानं आपला उठवायचा. एका होडीवर पंजा असताना दुसऱ्या होडीवर कुणी पंजा ठेवत नाही. घरात लेकरू जन्मलं, की आजा त्याच्या पाठीवर तसाच उघडा पंजा टेकवतो, हळद न लावता. म्हणजे ते लेकरू त्या घरचं झालं. दातिवऱ्यालाही हे आहे.

बाबांनी जमनाच्या पाठीवर पंजा टेकवला नाही, हे माझ्या सासूनंही बघितलं होतं. तिला सगळे काशीबाई म्हणतात, आम्ही आय म्हणतो. ती बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन बाहेर निघून गेली.

त्याच हिवाळ्यात मतदाराच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला शाळेत माणसं आली. दवंडी पिटली गेली, आणि बाबा सगळ्यांच्या आधी अंघोळ करून तयार. आत राहून त्यांना एक सवय लागली होती. सरकारनं बोलावलं की जायचं, कशाला ते विचारायचं नाही. शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावला होता, पुढे स्टूल. बाबा बसले, फोटो झाला. फोटोवाला म्हणाला, झालं, उठा. बाबा उठले नाहीत. ते स्टुलावरच वळले, उजवा कान कॅमेऱ्याकडे केला, हनुवटी वर धरली आणि स्तब्ध राहिले. तुरुंगात दोन फोटो काढतात, एक समोरून, एक बाजूनं.

रांगेतलं कुणीतरी आधी हसलं, मग बाकीचे. आनंदाचा धाकटा भाऊ चिंधू रांगेतच होता. तो हसला नाही. तो म्हणाला, त्याला सवय हाय, दुसरी बाजू पण काढा. मग पुन्हा हशा झाला. बाबा उठून घरी आले आणि त्या दिवसापासून शाळेच्या वाटेनं जाईनासे झाले.

आणि मग विधानसभेची निवडणूक लागली.

आमच्या गावात मताच्या दिवशी होड्या निघत नाहीत. आळीआळीनं माणसं शाळेत जातात आणि एका घरची माणसं मिळून जातात. पुढे घरातला मोठा, मागे बाकीचे. कुणी पाडलेली रीत ती माहीत नाही, पण होळीला निघावं तसे सगळे नटून निघतात. बाबा आत होते तेवढ्या वर्षांत आय काय करायची, ते मला शेजारच्या मैनाबाईनं सांगितलं. आय कधी पुढे चालली नाही. आपल्यापुढे एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी सोडून चालायची. लोक म्हणायचे, काशीबाय, तुजा मालक चालतोय वाटतं पुढं, आमाला कसा दिसत नाय? आय म्हणायची, तुमच्या डोळ्यात मीठ गेलंय.

आता ती जागा भरायची होती. आयनं तो विषय बाबांना विचारण्यासारखा ठेवलाच नव्हता. तिनं त्यांचा सदरा धुवून, निळीतून काढून, उशीखाली घडी करून ठेवला. बाबा म्हणाले, मला मत नाय. आय म्हणाली, तू पुढं चालला नाय तर या घरातनं कोण जाणार नाय. मी नाय, कमलाकांत नाय, सुगंधा नाय.

कमलाकांत माझा नवरा, सुगंधा म्हणजे मी. माझं ते पहिलंच मत होतं. पण माझं काय, पुढच्या वेळी देता आलं असतं. आयनं आठ वर्षं एक रिकामी जागा सांभाळली होती. ती पुन्हा रिकामी राहिली असती, तर यावेळी कुणी थट्टाही केली नसती. ते जास्त वाईट झालं असतं.

गावात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं, की जेल बघितलेल्या माणसाला मत नसतं. का नसतं हे कुणाला माहीत नव्हतं. कमलाकांत बोईसरला एका कारखान्यात पाळीवर जातो. त्यानं तिथं विचारलं. त्याच्या मशीनवर बिहारकडचा एक माणूस आहे, तो म्हणे पोट धरून हसला. "अरे, जब तक अंदर है, तब तक वोट नहीं. बाहर आया तो आया. हमारे उधर तो आदमी जेल में बैठ के चुनाव लड़ता है, और तेरा बाप बाहर रह के वोट नहीं डालेगा?" त्याच्या हसण्यावर न थांबता कमलाकांतनं आणखी दोघा जाणत्या माणसांना विचारलं. तेही तेच म्हणाले. शिक्षा भोगत आत आहे तोवर नाही. सुटला की पुन्हा आहे.

कमलाकांतनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, सुटली गाठ. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, कायदा असंल तसा. आणि जाळ्याची सुई पुन्हा हातात घेतली.

दोन दिवसांनी दुपारी मी वलांडीवरचे बोंबील उलटत होते. जमना पायाशी चादरीवर होती आणि कावळे फार झाले होते. बाबा सावलीला बसले होते. मी तिला उचलून त्यांच्याकडे दिली. त्यांनी पुन्हा तशीच घेतली, मुठी वळून. ती घसरायला लागली तरी बोटं उघडेनात, कोपरानंच तिला वर लोटत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, जमनाचं काय चुकलं?"

ते गडबडले. म्हणाले, तिचं काय चुकणार. मग तिच्याकडे बघत म्हणाले, "सुनबाय, माजी बोटं सरकारात जमा हायेत."

मला कळलंच नाही. मग त्यांनी जमनाला माझ्याकडे दिलं आणि समोरच्या फळीवर बोटं लोळवून दाखवली. आधी अंगठा, या नखाच्या कडेपासून त्या नखाच्या कडेपर्यंत. मग त्याच्या शेजारचं बोट, मग पुढचं. काळी शाई लावतात, शिपाई एकेक बोट धरतो आणि कागदावर असं लोळवतो. पहिल्यांदा पोलीस ठाण्यात, मग एका तुरुंगात, मग दुसऱ्या. दहाच्या दहा. मग चारी बोटं एकदम दाबतात.

"सुटायच्या दिवशी मी तिथल्या हवालदाराला इचारलं, ते कागद धुवायचे नायत का? तो बोल्ला, येडा हायेस का, ते कायमचे. तू मेलास तरी ऱ्हातील." त्यांनी हात मांडीखाली घेतले. "म्हंजे मी अजून त्यांचाच ना? त्यांच्या कागदावर पंजा असताना मी हिला कसा लावू? उद्या ते मला न्यायला आले, तर ही पण त्यांची होईल."

मी जमनाला छातीशी धरून उभी राहिले. आमची होडी बाबा आल्यापासून वाळूवर उपडी पडून होती, कमलाकांतनं तिला रंग देऊनही झाला होता आणि बाबा रोज म्हणत, बघू, पुढच्या भरतीला बघू. मच्छीमारांच्या सोसायटीत पुन्हा नाव घालायलाही ते अंगठा देत नव्हते. आम्ही समजत होतो, माणूस खचला आहे. माणूस आपल्या रीतीनं नीट वागत होता.

वलांडीच्या मागून आय आली. तिनं सगळं ऐकलं होतं. हाताला खवले चिकटलेले, ते पदराला पुसत ती बाबांपुढे उकिडवी बसली.

"होडीवर पंजा तुजा. होडी कुणाची?"

"माजी."

"कमलाकांतच्या पाठीवर पंजा तुजा. पोर कुणाचा?"

"माजा. काशे, तुला काय बोलायचंय ते..."

"मंग सरकारच्या कागदावर दहा बोटं तुजी. सरकार कुणाचं रे?"

मी जमनाच्या डोक्याआड हसू लपवलं. बाबा म्हणाले, असं नसतं. आय म्हणाली, कसं असतं मंग, सांग. बाबा म्हणाले, मी काय हौसेनं ठेवली बोटं? धरून ठेवली.

"माजा पण हात माज्या बापानं धरूनच तुज्या हातात दिला. मला कुणी इचारलं नव्हतं. मंग मी तुजी झाली का नाय? आणि तू माजा झालास का नाय?"

आय उठली, पाटी उचलली आणि जाता जाता म्हणाली, आठ वर्स आत राहून उलटं शिकून आलास. वलांडीच्या पलीकडे सोजराबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. तिनंही ऐकलं असणार. त्या वेळी मला त्याची धास्तीच वाटली.

बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जाळं विणताना मात्र मध्येच हात थांबायचा आणि ते आपल्या बोटांकडे बघायचे. एकदा तर जेवताना घास हातात धरून एकटेच हसले. कमलाकांतनं विचारलं, काय झालं. ते म्हणाले, काय नाय, तुज्या आयशीचं डोकं.

मताच्या दिवशी सकाळी ते भरतीच्या काठाला जाऊन आले. हात कोपरापर्यंत ओले होते. दाढी करून, निळीतला सदरा घालून ते अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, चला, का ऊन चढायची वाट बघताय?

ते पुढे चालले. मागे आय, मग कमलाकांत, मग जमनाला कडेवर घेऊन मी. आय नेहमीच्या सवयीनं थोडी मागे राहून चालत होती आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, तिनं पाऊल उचललं. आळीतल्या लोकांनी बघितलं. मैनाबाई ओट्यावरून म्हणाली, काशीबाय, आज दिसतोय गं. आय म्हणाली, मीठ धुवून आलीस वाटतं.

शाळेत बाप्यांची रांग वेगळी, बायांची वेगळी, दार एकच. माझ्या कडेवर लेकरू बघून पोलिसानं मला पुढे सोडलं. माझ्यापुढे एकच बाई होती, ती सोजराबाई. बाप्यांच्या रांगेत बाबांची पाळी आली आणि ते आत गेले तेव्हा मी तिच्या खांद्यावरून सगळं बघू शकत होते.

आत भिंतीला लागून उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. त्यात चिंधू होता. कारकुनानं बाबांचं नाव, जानू, मोठ्यानं वाचलं. चिंधू उभा राहिला. म्हणाला, याला मत नाय, हा जेल भोगून आलाय, माणूस मारलाय यानं. बाबांनी मान खाली घातली आणि ते उलट फिरले, दाराकडे. शिपायानं नेमकं तेवढंच म्हटलं असतं, की चल, तर ते निघून गेले असते. पण केंद्रावरचे मुख्य साहेब, चष्म्यातले, बाहेरगावचे, ते म्हणाले, "थांबा, आजोबा."

मग ते चिंधूशी शांतपणे बोलले. जो तुरुंगात आहे त्याला मत देता येत नाही. जो सुटला त्याला येतं, त्याचं नाव इथं आहे. तुमचा आक्षेप हा माणूस जानू नव्हे असा असेल, तर सांगा, मी लिहून घेतो.

"जानूच हाय," चिंधू म्हणाला. "मी नाय ओळखणार तर कोण ओळखणार?"

"मग झालं."

"झालं कसं, सायेब?" चिंधूचा आवाज फाटला. "माज्या भावाचं मत यानं घालवलं. याचं कसं राहिलं?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांच्याकडे कायदा होता, पण याचं उत्तर त्यात नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आनंदा गेला तेव्हा चिंधू मिसरूड न फुटलेला पोर होता. मला त्या क्षणी त्याचा राग आला नाही. बाबा तर भिंतीला पाठ लावून असे उभे होते, की तो म्हणेल ते त्यांना कबूल होतं.

माझ्यापुढे उभी असलेली सोजराबाई उंबऱ्यापर्यंत गेली. पोलिसानं तिला आडवा हात केला. तिनं तो बघितला नाही आणि बाबांकडेही बघितलं नाही.

"चिंधू," ती म्हणाली, "याचं काढलं तर आनंदाचं परत येतं का? येत असंल तर काढ. मी सांगते सायबाला."

चिंधू समोरच्या कागदाकडे बघत राहिला.

"नाय येत ना? मंग बस खाली. मी याचं तोंड बगत नाय आणि मरेपर्यंत बगणार नाय. पण वजा करून वजा करून आळीत ऱ्हाणार कोण?"

ती मागे आली आणि पुन्हा माझ्यापुढे आपल्या जागी उभी राहिली. जमनानं हात लांबवून तिचा अंबाडा धरला. मी घाईनं तिची मूठ सोडवली. सोजराबाई वळली नाही, पण रागावलीही नाही.

चिंधू बसला. समोरच्या मतदारयादीत त्यानं बाबांच्या नावापुढे खूण केली. ती करायला त्याला वेळ लागला.

साहेबांनी बाबांना पुढे बोलावलं. बाबा टेबलाशी गेले आणि त्यांनी विचारलं, सगळ्यांना ऐकू येईल असं, पण हळूच, "सायेब, माजी दहाही बोटं आधीच सरकारात जमा हायेत. तरी चालतंय?"

दुसरा कोणी हसला असता. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "शिक्षा संपली ना? मग बोटं तुमचीच आहेत. डावा हात द्या."

दुसऱ्या कारकुनानं डाव्या हाताच्या बोटावर, नखाच्या कडेला, शाईची रेघ ओढली. मग मतपत्रिकेच्या, त्यांच्याकडेच राहणाऱ्या तुकड्यावर अंगठा घ्यायला डबी पुढे केली. बाबांनी अंगठा शाईत बुडवला, कागदावर एका कडेला टेकवला आणि लोळवायला सुरुवात केली. कारकून म्हणाला, नुसता टेकवा बाबा, एवढा पुरे. बाबा थांबले. अंगठा उचलून त्यांनी त्या छोट्याशा ठशाकडे बघितलं, आणि मग कारकुनाकडे, जणू त्यानं काही तरी परत दिलं होतं.

आडोशाच्या मागे त्यांना बराच वेळ लागला. कुणाला दिलं ते आम्हाला अजून माहीत नाही. आयनं विचारलं होतं, तर म्हणाले, माजं सरकार हाय, तुला कशाला सांगू. बाहेर येऊन त्यांनी घडी केलेली मतपत्रिका पेटीत सारली. आणि मग त्यांनी जे केलं, ते आमच्या गावच्या माणसांनाच कळलं असेल. त्यांनी उजवा हात उघडला, पाची बोटं पसरली आणि तो पंजा पेटीवर टेकवला. घट्ट. होडीवर टेकवतात तसा.

"आजोबा, हात काढा," साहेब म्हणाले. "मागे रांग आहे."

बाबांनी हात काढला. भिंतीपाशी बसलेल्या चिंधूनं तेवढं बघितलं आणि नजर खिडकीबाहेर नेली. त्याच्याही बापाची होडी होती.

मी माझं मत दिलं, जमनाला एका हातावर धरून. त्या आडोशात तिनं शिक्क्यासाठी इतकी ओढाओढ केली, की माझं पहिलं मत वाया जाता जाता राहिलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सोजराबाई फाटकाजवळून जात होती. बाबा वाट सोडून, मान खाली घालून बाजूला उभे राहिले. ती गेली. तिनं बघितलं नाही, बाबांनीही वर बघितलं नाही. तिचं जे होतं ते तिनं सांगितलं होतं. त्याहून जास्त मागायचा आम्हाला हक्क नव्हता, आणि आयनंही त्यावर कधी शब्द काढला नाही. फक्त संध्याकाळी वारा वाढला आणि सोजराबाईच्या वलांडीचा एक बांबू निखळला, तेव्हा आय उठून गेली, तो पुन्हा खोचून आली आणि चुलीपुढे बसली.

घरी आल्या आल्या मी भाकऱ्यांना लागले. जमना रडायला लागली, मी हाक मारली, बाबा, घेता का हिला? वळून बघितलं तर त्यांनी तिला उचललेलं होतं. एक हात खाली आणि दुसरा तिच्या पाठीवर, उघडा. तिची अख्खी पाठ त्या पंजाखाली झाकून गेली होती. तिचं रडणं थांबलं तरी त्यांनी हात काढला नाही.

मग तिला त्यांचं ते काळी रेघ ओढलेलं बोट सापडलं. तिनं ते दोन्ही हातांनी पकडलं आणि तोंडाकडे ओढलं. तिला दात येऊ घातले होते, जे मिळेल ते चावायची.

"नको गं, नको," बाबा बोट सोडवत म्हणाले. "सरकार हाय ते. कडू लागंल."

"लागू दे," आय आतून म्हणाली. "आमाला काय गोड लागलंय?"